अंतराची कडी

१

सकाळी काझुमा गाडी घेऊन गेला की चिनात्सु भांडी उरकायची, घासलेटचा स्टोव्ह पेटवायची, दोन वर्षांच्या इरोहाला कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी लावलेल्या बुटक्या मेजाच्या, रजईत कमरेपर्यंत खुपसून बसवायची आणि खिडकीजवळच्या मेजावर कामाला लागायची. घरात उबदार खोली ती एकच. नोव्हेंबर सरत आला होता. ओकाया गावात तळ्यावरून वारा सुटला की बाकीच्या घरात बोटं वळेनाशी व्हायची. म्हणून खेळणं, जेवणं, झोपणं आणि धंदा, सगळं त्याच सहा चटयांच्या खोलीत.

धंदा जुन्या लेन्सचा. कॅमेऱ्याच्या, हाताने कडी फिरवून फोकस करायच्या. काझुमा त्या लिलावातून, गेलेल्या माणसांच्या घरांतून खोक्यांनी उचलून आणायचा. चिनात्सु त्यांत बॅटरी मारून बुरशी बघायची, काचा पुसायची, गरज पडली तर लेन्स उघडून पुन्हा जुळवायची. मग काझुमा फोटो काढून जाहिरात टाकायचा आणि ती लेन्स कुठल्या कुठे परदेशी जायची. जाहिरातीत नाव त्याचं. ‘पंधरा वर्षांचा अनुभव असलेला कारागीर’ असं तो स्वतःबद्दल लिहायचा. अनुभव खरा चिनात्सुच्या वडिलांचा. भिंगं घासायच्या कारखान्यात त्यांची हयात गेली, आणि लहानपणी त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसता बसता ती शिकली. काझुमाला पेचकस नीट धरता येत नव्हता, पण शब्द मात्र जमायचे. ‘सुंदर’ म्हणजे ओरखडे आहेत. ‘अतिसुंदर’ म्हणजे ओरखडे आहेत, पण फोटोत आले नाहीत.

“आणि आत बुरशी असली तर?” तिने एकदा विचारलं होतं.

“तर ‘वयाच्या मानाने उत्तम’. तुझ्यासारखी.”

त्या मंगळवारच्या खोक्यात तळाशी एक काळी लेन्स निघाली. बनवणाऱ्याचं नाव बोटांनी घासून पुसलेलं. अंतराच्या कडीवर चिकटपट्टीचे तीन वेढे. कडीवर अर्ध्या मीटरपासून आकडे असतात. दीड, दोन, तीन, पाच, दहा, आणि शेवटी इंग्रजी आठ आडवा पाडल्यासारखी खूण, म्हणजे लांबच लांब, डोंगर आणि चंद्र. पट्टीने कडी त्या आडव्या आठावर जखडून टाकली होती. हिचा म्हातारा मालक नुसते डोंगरच टिपत असेल, असं म्हणून चिनात्सुने पट्टी सोलली, बेंझिनने चिकटा पुसला. कडी फिरेना. आतलं वंगण वाळून राळ झालं होतं. मग ती उघडणं आलंच.

उघडणं सोपं, जुळवणं अवघड. एका नळकांड्यात दुसरं नळकांडं आट्यांवर फिरत असतं, आणि त्या आट्यांना दहा-बारा तोंडं असतात. कुठल्याही तोंडातून नळकांडं आत शिरतं, पण बरोबर तोंड एकच. चुकलं की कडीवर दोन लिहिलेलं असतं आणि स्वच्छ दिसतं भलतंच. म्हणून जिथे आटे सुटतील तिथे सुईने बारीक खूण करायची, हे वडिलांनी तिला मारून शिकवलं होतं. तिने खूण केली, जुनं वंगण काढलं, नवं लावलं, खुणेला खूण जुळवली.

मेजापासून समोरची भिंत बरोबर दोन मीटर. चटईवर त्यासाठी पट्टी चिकटवलेली होती. भिंतीवर कॅलेंडर, आणि भिंतीकडे पाठ करून इरोहा, दीड मीटरवर. चिनात्सुने लेन्स कॅमेऱ्यावर चढवली, कॅलेंडरवर धरली. कडी दोनवर आली आणि तारखा कोरल्यासारख्या उमटल्या. काम चोख झालं होतं.

कडीला अडखळ नाही ना, ते बघायला तिने ती तशीच पुढे फिरवली. कॅलेंडर विरघळलं. भिंत विरघळली. आता आडव्या आठापर्यंत नुसता धुरळाच दिसायला हवा होता. पाचवर काहीतरी स्वच्छ झालं.

पाच बारीक ठिपके. पांढुरके, एका ओळीत नाही, थोडे कमानीत.

तिने डोळा काढला. समोर भिंत होती. भिंतीपलीकडे तीन मीटरवर शेजाऱ्यांची गाडी उभी असायची जागा होती. इरोहा डब्याचं झाकण चोखत होती.

२

“तोंड चुकलं तुझं,” काझुमा जेवताना म्हणाला. “आट्यांचं. एक गल्ली सोडून दुसऱ्या गल्लीत शिरलीस.”

“तोंड चुकलं असतं तर कॅलेंडर दोनवर कसं आलं असतं?”

“मग काचांत हवेचे बुडबुडे असतील. भात वाढ.”

तिने भात वाढला आणि कॅमेरा त्याच्या हातात दिला. त्याने घास चावत चावत कडी फिरवली, कॅलेंडर दिसलं, कॅमेरा खाली ठेवला.

“दिसतंय की.”

“पुढे फिरव.”

“स्वच्छ दिसल्यावर पुढे कशाला फिरवायचं? तू पण ना.” तो हसला. “उद्या फोटो काढून टाकतो. अतिसुंदर.”

ते खरंच होतं. चित्र स्वच्छ झालं की जगातला कुठलाही माणूस कडी सोडतो. त्यापुढे काय आहे हे बघायची कुणाला गरजच पडत नाही.

चिनात्सुने कॅमेरा उचलून मेजावर ठेवला. बोलायची तिला चोरी होती. इरोहा झाली तेव्हा ती रात्रीतून चाळीस वेळा उठून पोरीच्या नाकाखाली बोट धरायची. दोनदा श्वास थांबला म्हणून तिने रुग्णवाहिका बोलावली, आणि दोन्ही वेळा पोर गाढ झोपलेली निघाली. दुसऱ्या खेपेला सगळी गल्ली दारात जमली होती. त्या दिवसापासून घरात तिच्या शब्दाला किंमत उरली नाही. तिने दूध नासलंय म्हटलं तरी काझुमा आधी वास घेऊन बघायचा.

आणि तळ्यापलीकडे सासूबाई टपूनच होत्या. दर रविवारी फोन.

“पोर माझ्याकडे राहू दे. वसंत येईपर्यंत. तुलाही विसावा मिळेल.”

“मी बरी आहे, आई.”

“बरी असलेली माणसं तसं सांगत नाहीत, चिनात्सुसान.” एरवी त्या नुसतं नाव घ्यायच्या. टोचायचं असलं की ‘सान’ लागायचं.

वसंतापर्यंत म्हणजे कायमचं, हे चिनात्सु ओळखून होती. एकदा का पोर तिकडच्या बालवाडीत गेली की परत आणायला तोंड कुणाच्या जिवावर उघडायचं? आई वेडी आहे, हे तोवर कागदावर चढलेलं असेल.

३

बुधवारी तिने लेन्स पुन्हा उघडली. खुणेला खूण जुळलेली होती. काचा एकेक करून उजेडात धरल्या. बुडबुडा नाही, तडा नाही. पुन्हा जुळवून कॅमेऱ्यावर चढवली आणि कडी सावकाश पुढे नेली.

ठिपके पाचवर नव्हते. तिचा जीव भांड्यात पडला. मग ती कडी मागे आणू लागली, आणि तीनवर ते पुन्हा स्वच्छ झाले. आता मोठे दिसत होते. नखं होती ती.

लेन्सचं उजेडाचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं की स्वच्छपणा कागदाएवढा पातळ होतो. माणसाचा डोळा स्वच्छ केला तर कान धूसर. म्हणून कडी केसाकेसाने फिरवावी लागते. नखांच्या मागे पेरं होती. पेरांच्या मागे मनगट. कातडी फिकट, प्लास्टर कापल्यावर आतून निघते तशी. मनगटामागे हात. तिने कडी आणखी फिरवली. हातच. पाचवर हात, दहावर हात. कोपर कुठे आलं नाही. आडव्या आठाशी कडी थटली तेव्हाही हातच होता, दोऱ्यासारखा बारीक झालेला.

ती कॅमेरा ठेवून भिंतीजवळ गेली. भिंतीला हात लावला. गार होती, पण नोव्हेंबरातली भिंत गारच असते. बाहेर जाऊन शेजाऱ्यांच्या जागेत उभी राहिली. शेजारीण मुळे धूत होती.

“काही हरवलं का?”

“नाही. मोजत होते.”

“काय?”

“अंतर,” चिनात्सु म्हणाली, आणि शेजारणीने नळ बंद करून तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

घरात येऊन तिने दुसऱ्या चार लेन्स लावून पाहिल्या. काही नाही. मग इरोहाला उचलून स्वयंपाकघरात नेलं, तिच्यावर दोन अंगरखे चढवले आणि काळी लेन्स लावून तिथे पाहिलं. फ्रीज, तांदळाची पेटी, पुढे धुरळा. काही नाही. परत खोलीत येऊन पाहिलं तर हात तिथेच, रिकाम्या रजईकडे रोखलेला.

म्हणजे या खोलीचं काहीतरी आहे. वेड लागलेलं माणूस असं पारखून बघत नाही, ती स्वतःशी म्हणाली. मग तिला वाटलं, कदाचित तेच बघत असेल.

लेन्सला बांधायच्या चिठ्ठीवर ती दोष लिहायची: ‘काचेवर ओरखडा’, ‘कडी सैल’. त्या चिठ्ठीवर तिने लिहिलं: बुधवार, तीन. खाली जागा सोडली.

गुरुवार, अडीच.

लेन्स तळ्यात फेकून द्यावी असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण आरसा झाड दाखवतो, झाड काही आरशामुळे उगवत नाही. लेन्स फेकली तर हात थांबणार थोडाच होता. फक्त तो कुठे आहे ते कळेनासं झालं असतं. आणि न कळता बसणं तिला या जन्मी जमलं नसतं.

४

शुक्रवारी दोन. म्हणजे नखं भिंतीशी आली होती.

तिने स्टोव्ह ओढत स्वयंपाकघरात नेला. कोतात्सू नेला, रजई नेली, खेळणी नेली. काझुमा आला तेव्हा मायलेकी तांदळाच्या पेटीला टेकून बसल्या होत्या.

“हा काय नवा थाट?”

“तिकडे भिंतीतून वारा येतो.”

“तीन वर्षं राहतोय, आजच आला वारा?” त्याने स्टोव्ह उचलला. “फरशीवर घासलेट सांडलं तर घर जाईल. वाऱ्याने मेलं नाही कोणी अजून.”

शनिवारी सकाळी तो बाहेर पडताच तिने पुन्हा सगळं स्वयंपाकघरात नेलं आणि इरोहाला दीड मीटरवर बसवून पाहिलं. या खेपेला स्वयंपाकघरातही तो होता. फ्रीजमधून आल्यासारखा, सरळ. एक मीटर ऐंशी सेंटिमीटर. खोलीत जाऊन पाहिलं, खोलीत नव्हता.

चिनात्सु परत येऊन खाली बसली. तिने कोपरं गुडघ्यांवर रोवली. पोर समोर काड्यांची आगगाडी लावत होती. कडी एक मीटर सत्तर. साठ. मानेवरच्या भुरभुरत्या केसांशी तर्जनीचं नख स्वच्छ झालं. नखाच्या मुळाशी चंद्रकोर होती. एवढी बारीक गोष्ट दिसली याचाच तिला राग आला. लेन्स खरोखरच फार चांगली होती.

इरोहाने खांदे वर केले आणि मानेवर तळवा ठेवला.

“गार,” ती म्हणाली.

चिनात्सुने झेप घेऊन तिला ओढलं. त्या दोघींच्या मागे फ्रीज नुसता घरघरत होता.

काझुमा दुपारी आला तेव्हा ती पोरीला पाठीशी बांधून अंगणात थंडीत उभी होती.

“एकदाच,” ती म्हणाली. “एकदाच बघ. पण हळू फिरव. नाडी बघतात तसं. मग तू म्हणशील ते मी करीन.”

तो चिडला, मग शेजारीण खिडकीत दिसली म्हणून आत आला. चिनात्सुने पोरीला दारातच भिंतीकडे पाठ करून उभं केलं आणि त्याच्या हातात कॅमेरा दिला. तो कडी फिरवू लागला, पहिल्यांदा पटकन. मग त्याचं बोट थांबलं. किंचित मागे आलं. पुन्हा थांबलं. घड्याळ पाच-सहा वेळा टिकटिकलं.

त्याने कॅमेरा खाली केला, लेन्सवर झाकण बसवलं, आणि हात विजारीला पुसले.

“दिसलं?”

“काय दिसायचंय?” त्याने तिच्याकडे बघितलं नाही. पोरीकडेही नाही. “आईला फोन करतो. तुझं पुन्हा सुरू झालंय.”

“काझुमा, तू थांबलास. मी बघितलं तुला थांबताना.”

“काच घाण होती,” तो म्हणाला, आणि फोन करायला बाहेर रस्त्यावर गेला. बूट न घालता, नुसत्या मोज्यांवर.

५

सासूबाई तासाभरात हजर. हातात नोझावानाच्या पाल्याच्या लोणच्याचा डबा, चेहऱ्यावर काळजी आणि काळजीखाली समाधान. आल्या आल्या त्यांनी स्टोव्ह स्वयंपाकघरात बघितला, रजई बघितली, पोरीच्या अंगावरचे तीन अंगरखे बघितले. एकेका गोष्टीवर नजर ठेवून त्या जणू हिशेब मनात लिहीत होत्या.

चिनात्सुने त्यांना बोलायला वेळच दिला नाही. ती चटईवर बसली, दोन्ही हात टेकले आणि कपाळ खाली नेलं.

“आई, मला बरं नाही. इरोहाला घेऊन जा.”

सासूबाई डबा हातात धरून जागच्या जागी अडकल्या. भांडायची सगळी तयारी करून आलेल्या माणसाला दार सताड उघडं मिळालं की होतं तसं.

“किती दिवस?” त्यांनी डबा खाली ठेवत विचारलं.

“तुम्ही म्हणाल तितके.”

“वसंतापर्यंत तरी. डॉक्टरांकडे जाशील?”

“जाईन.”

“आणि पुन्हा मधेच न्यायला यायचं नाही हं. पोरीचे हाल होतात अशाने. काझुमा, ऐकतोयस ना? तिच्या तोंडून आलंय, मी काही हिसकावून घेत नाहीये.”

“ऐकतोय,” काझुमा दारातून म्हणाला. तो खोलीत पाऊल टाकत नव्हता. पोरीची पिशवी त्याने बाहेरूनच हात लांब करून घेतली.

चिनात्सुला त्याचा हात दिसला आणि तिने मान वळवली. दिसलं होतं त्याला. दिसलं असूनही तो तिला वेडी ठरवून मोकळा झाला होता, आणि मजा अशी की त्याबद्दल त्याच्याशी भांडायलाही आता वेळ नव्हता. पोर या घरातून गेली पाहिजे, मग ती कुणाच्या खोटेपणावर बसून का जाईना.

तिने इरोहाला बूट घातले. डाव्याचा बंद दोनदा बांधला.

“आई येते?” इरोहाने विचारलं.

“आजी बदकं दाखवणार आहे तुला.”

“आई येते?”

“चला, चला,” सासूबाई म्हणाल्या, “निरोप लांबवला की पोरं रडतात,” आणि त्यांनी तिला उचललं. पोर रडली नाही. आजीच्या खांद्यावरून ती चिनात्सुकडे बघत राहिली, गाडीचं दार लागेपर्यंत. काझुमा गाडी चालवायला बसला. रात्री तिकडेच राहीन म्हणाला.

६

तीनचा सुमार होता. ऊन तळ्यावर पसरलं होतं. चिनात्सु मोकळ्या घरात आली आणि पहिल्यांदा कॅमेरा घेतला.

तो भिंतीतला हात इथेच राहिला असेल, तर जिंकलं. मग तो राहू दे, भिंती फोडू दे, हवं तर तिच्या मानेवर येऊ दे. तिने स्वयंपाकघरात अर्ध्या मीटरपासून आडव्या आठापर्यंत कडी फिरवली. काही नाही. न्हाणीघर, जिना, कपाट. कुठेच काही नाही. कोणी नव्हतंच मुळी, पोर गेली आणि सगळं संपलं, असं तिला वाटलं.

फोन वाजला. सासूबाई होत्या.

“पोचलो ग. पोर खिडकीत उभी आहे, बदकं मोजतेय. एक, दोन, दोन, दोन.”

“खिडकीतून आत घ्या तिला, आई.”

“का?”

“वारा आहे.”

“माझ्या घरच्या खिडक्या नीट लागतात, चिनात्सुसान. तू झोप जरा.”

तिने फोन ठेवला. हसू आलं तिला, कडू का होईना. पोर पलीकडे होती, उबेत होती, बदकं मोजत होती. आपल्याशिवाय होती. इतकंच मागितलं होतं आपण आणि इतकंच मिळालं.

खिडकीतून तळं दिसायचं, आणि स्वच्छ दिवशी पलीकडच्या काठावरची घरंही. त्यातलं एक सासूबाईंचं. एवढ्याशा लेन्सने खिडकीतली पोर काही दिसणार नव्हती, पण छप्पर तरी दिसलं असतं. तेवढ्यासाठी तिने पुन्हा कॅमेरा घेतला. हात स्थिर राहावा म्हणून मागे सरकून कॅलेंडरच्या भिंतीला पाठ टेकली, आणि लेन्स खिडकीकडे धरली.

कडी अर्ध्या मीटरवर होती. अर्ध्या मीटरवर कातडी होती.

फिकट, ओलसर, एकही केस नसलेली, चौकटीच्या उजव्या कडेला, तिच्या गालाला लागून पुढे गेलेली. म्हणजे तो तिच्या खांद्यावरूनच गेला होता. ती हलली नाही. कडी फिरवत राहिली, नाडी बघतात तशी. एक मीटर, हात. दोन, मेजावरून हात. तीन, खिडकीच्या काचेतून बाहेर हात. पाच, अंगणातल्या रिकाम्या दोरीवरून. दहा, समोरच्या छपरांवरून, कुठेही न वाकता, उतार उतरून तळ्याच्या पाण्यावर. तिने मनगट शोधलं. मग बोटं शोधली. पाणी उन्हात चमकत होतं आणि त्याच्यावरून तो सरळ, बारीक होत होत, पलीकडच्या काठाकडे गेला होता.

कडी आडव्या आठाशी येऊन थटली. त्यापुढे आकडा नव्हता.

चिठ्ठी तिच्या खिशात होती. शनिवार असं लिहून तिने पेन्सिल धरून ठेवली. फोन हाताशीच होता. तिने क्रमांक लावला, आणि पलीकडे घंटा वाजू लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण जे सांगणार आहोत, ते ऐकून सासूबाई पोरीला आणखी घट्ट धरून ठेवतील, खिडकीपाशी, आपल्यापासून लांब.

घंटा वाजत राहिली. नखं आता कुठवर पोचली आहेत, ते मोजायला इथून कुठलंच भिंग पुरणार नव्हतं.